फ्रीसिव्ह: सगळेच डेमोक्रसीत जाऊन बसतात, बाकीच्या राजवटींचं काय करायचं?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गणपती झाले की आपला फ्रीसिव्हचा (सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचा, राज्य उभारायचा संगणकी खेळ) पुढचा डाव सुरू. जागा नेहमीचीच, नेरूळ. ठाण्याची मंडळी ट्रान्सहार्बरने येतीलच. त्याआधी एका विषयाचा सोक्षमोक्ष लावायचाय. भेटल्यावर तो लागत नाही, कारण लॅपटॉप उघडले की प्रत्येकाला शहरं वसवायची घाई असते. म्हणून इथे लिहितोय.

आपले डाव हल्ली एकाच वळणाने जातात. डेस्पॉटिझममध्ये जेमतेम चार शहरं होतात, मग कोणी मोनार्की घेतं, कोणी कोड ऑफ लॉज आणि लिटरसी या टेक (शोध) करून सरळ रिपब्लिक. बँकिंग आणि इन्व्हेन्शन हातात आलं की सगळे डेमोक्रसीत. तिथून डाव संपेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. कम्युनिझम आणि फंडामेंटलिझम यादीत दिसतात तेवढेच. राज्य कसं चालवायचं यावर ज्या खेळाची निम्मी गंमत उभी आहे, त्यात सगळ्यांची राज्यं सारखीच चालायला लागली तर खेळायचं काय?

आपण क्लासिक रूलसेट (नियमसंच) वापरतो. त्याच्या फाइल साध्या मजकुराच्या आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात, त्यामुळे हवं ते बदलता येतं. माझ्या डोक्यात आलेलं असं: कम्युनिझममध्ये फॅक्टरी असलेल्या शहराला जादा शील्ड (उत्पादन), फंडामेंटलिझमचा विज्ञानातला तोटा थोडा कमी, आणि मोनार्कीची कराची कमाल मर्यादा ७० टक्क्यांवरून ८०. तुमचे आकडे सांगा. आवडती राजवट कोणती ते नका सांगू. कोणती राजवट तुम्ही कधीच घेत नाही आणि का, ते लिहा. त्याचा उपयोग जास्त.

सीवूड्स

दादा, मी सिव्ह ६ (सिव्हिलायझेशन ६) खेळून इकडे आलोय, म्हणून तिथलं सांगतो. तिथे एका पायरीवर तीन राजवटी समोरासमोर येतात. सुरुवातीला ऑटोक्रसी, ऑलिगार्की, क्लासिकल रिपब्लिक. मग मोनार्की, मर्चंट रिपब्लिक, थिओक्रसी. मग फॅसिझम, कम्युनिझम, डेमोक्रसी. ऑलिगार्की घेतली की जवळून लढणाऱ्या पायदळाला +४ ताकद मिळते, त्यामुळे शेजारी चिकटून बसला असेल तर मी डोळे मिटून ती घेतो. शेजारी लांब असेल तर क्लासिकल रिपब्लिक. निवड आपल्या जागेवरून ठरते.

आपल्याकडे कम्युनिझम फार उशिरा येतो. तोवर सगळ्यांचा संसार डेमोक्रसीत थाटलेला असतो. तो मोडून अनार्कीतून (राजवट बदलतानाच्या अराजकाच्या टर्नमधून) जायचं तर समोरून तसंच घसघशीत काहीतरी मिळायला हवं. माझं मत: शील्डमध्ये सरळ ५० टक्के वाढ द्या.

खारेगाव

५० टक्के दिले तर सगळे कम्युनिझममध्ये जाऊन बसतील. पुढच्या गणपतीत हाच धागा, फक्त नाव बदलून.

पामबीच

खारेगाव यांच्याशी शंभर टक्के सहमत. ऐरोलीकर, विषय काढलात ते फार बरं केलंत. मला बरंच म्हणायचंय, लांबेल, पण सगळं वाचा.

डेमोक्रसी जिंकते ती तिच्या फायद्यांमुळे नाही. फायदे मोठे आहेतच: ज्या टाइलवर (नकाशाच्या चौकोनावर) आधीच ट्रेड (व्यापारी उत्पन्न) आहे तिथे एक जादा, कर ९० टक्क्यांपर्यंत, शिवाय शत्रूचा डिप्लोमॅट पैसे चारून शहर फितवू शकत नाही. पण या सगळ्याची किंमत नियमांत लिहिलेली आहे. बाहेर लढायला गेलेल्या प्रत्येक युनिटमागे (फौजेच्या तुकडीमागे) त्याच्या होम सिटीत, म्हणजे ते ज्या शहराच्या नावावर आहे तिथे, दोन माणसं नाराज होतात. रिपब्लिकमध्ये एक. शहरात दंगल पेटली आणि दोन टर्नच्या वर चालली तर डेमोक्रसीत अख्खं सरकार पडतं, अनार्की येते. ही किंमत खरोखर भरावी लागली तर लढाईच्या काळात डेमोक्रसी परवडणार नाही. घोडं पेंड खातंय ते इथे: आपल्यापैकी कोणीच ती भरत नाही.

आपण ती कशी चुकवतो, ते एकदा उघडपणे मांडूया.

पहिली पळवाट रेल्वे. क्लासिकमध्ये रेल्वेवरून जायला चाल लागतच नाही. नाराजी मोजली जाते ती टर्न बदलताना युनिट कुठे आहे यावर. मग माझी कॅव्हलरी काय करते? दोन चाली असतात. सकाळी शहरातून निघते, रुळावरून सीमेपर्यंत जाते, शेजारच्या टाइलवर हल्ला करते, एक चाल खर्च. उरलेल्या चालीवर रुळावरून परत शहरात. टर्न बदलतो तेव्हा ती बराकीत आहे, नागरिकांना युद्ध दिसलेलंच नाही. मागच्या डावात ऐरोलीकरांच्या बाजूची तीन शहरं मी अशीच खिळखिळी केली आणि माझ्या एकाही शहरात एकही माणूस नाराज झाला नाही.

दुसरी, शेक्सपिअर थिएटर. ते वंडर (जगात एकदाच बांधता येणारी वास्तू) ज्या शहरात आहे तिथली नाराजी पुसली जाते, युद्धामुळे आलेलीसुद्धा. मग सगळ्या फौजेची होम सिटी तेच शहर करायचं. देशभराच्या लढाईचा भार एकाच गावावर, आणि ते गाव मजेत.

तिसरी, किल्ले. स्वतःच्या शहरापासून तीन टाइलच्या आत फोर्ट्रेस असेल तर त्यातलं युनिट आक्रमक धरलं जात नाही. म्हणून सीमेवर फोर्ट्रेसची माळ.

आता हे सगळं एकमेकांशेजारी ठेवा आणि टेक-झाड बघा. कम्युनिझमसाठी फिलॉसॉफी आणि इंडस्ट्रियलायझेशन लागतं. इंडस्ट्रियलायझेशनसाठी रेलरोड आणि बँकिंग. म्हणजे कम्युनिझम ज्या दिवशी मिळू शकतो, त्या दिवशी रेल्वे आधीच आलेली असते आणि डेमोक्रसीची युद्धाची किंमत शून्यावर आलेली असते. त्यात विमेन्स सफ्रेज हे वंडरही इंडस्ट्रियलायझेशननेच उघडतं, ते प्रत्येक शहरात पोलीस स्टेशन असल्यासारखं काम करतं आणि उरलीसुरली नाराजीही खाऊन टाकतं. कम्युनिझमचं मोठं बळ म्हणजे फौज बाहेर ठेवूनही घर शांत. पण ते बळ हातात येतं तेव्हा डेमोक्रसीवाल्याला तेच फुकट मिळालेलं असतं. मग त्याने अनार्की सोसून तिकडे का जावं?

म्हणून माझं म्हणणं: बोनसला हात लावू नका. ज्या राजवटीची जी किंमत लिहिलेली आहे ती वसूल व्हायला लागू दे. तोल अर्ध्याहून जास्त आपोआप येईल.

सीवूड्स

ताई, रेल्वे आणि इंडस्ट्रियलायझेशनचा हा मेळ माझ्या डोक्यातच आला नव्हता. ५० टक्क्यांचा प्रस्ताव मागे.

येऊर

पामबीच यांचा मुद्दा रेल्वेपुरता पटला. शेक्सपिअरला मात्र हात लावू देणार नाही.

रेल्वेची पळवाट सगळ्यांना फुकट मिळते, त्यात कोणाचं कसब नाही. शेक्सपिअर एकालाच मिळतो. त्यासाठी कॅरव्हान (वंडर बांधायला मदत करणारे तांडे) जमवाव्या लागतात, बाकीच्या वंडरवर पाणी सोडावं लागतं. आणि मुख्य म्हणजे तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याने सगळी फौज एका शहराच्या नावावर केली त्याचं ते शहर पाडलं की फौजेचं काय होतं ते एकदा करून बघा. होम सिटी गेली की तिच्या नावावरची, दुसऱ्या शहरात नसलेली युनिट जातात. मी हे केलेलं आहे, आणि त्या डावातली ती सगळ्यात रंगतदार लढाई होती. ती पळवाट नाही, जुगार आहे. असे जुगार खेळात हवेत.

फोर्ट्रेसचंही तसंच. सीमेवर गढ्या बांधून फौज ठेवणं हा संरक्षणाचा भाग झाला. त्या गढीतून बाहेर पडून हल्ला केला आणि बाहेरच राहिलं की नाराजी मोजली जातेच.

पामबीच

येऊर, शेक्सपिअरबद्दल तुमचं बरोबर आहे. शत्रूला त्यावर घाव घालता येतो हा फरक महत्त्वाचा. रेल्वेच्या पळवाटेवर समोरच्याला काही करताच येत नाही. मग कसोटी हीच ठेवूया: ज्या पळवाटेवर समोरच्याला काही तरी करता येतं ती राहू दे, जिच्यावर काहीच करता येत नाही ती बंद.

तलावपाळी

मी सिव्ह पहिल्यांदा खेळलो तो १९९१चा मूळ खेळ, डॉसवर. तेव्हाही डेस्पॉटिझम, मोनार्की, कम्युनिझम, रिपब्लिक, डेमोक्रसी हीच उतरंड होती. १९९६च्या सिव्ह २मध्ये फंडामेंटलिझम आला: नाराजी नाही, फॅनॅटिक्स (कडवे सैनिक) मिळतात, पण विज्ञान निम्मं. ती मला आजही सगळ्यात नीट तोललेली राजवट वाटते, कारण तिची किंमत चुकवता येत नाही. विज्ञान निम्मं म्हणजे निम्मंच, कितीही रूळ टाका. पामबीच म्हणतात त्याचा पुरावा म्हणून सांगतो.

पण मला एक वेगळं सुचवायचंय. या यादीत आपल्या इतिहासातली एक व्यवस्था नाही, आणि ती खेळाला फार चांगली लागू पडेल. सरंजाम.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. नवी वतनं, जहागिरी देणं त्यांनी टाळलं. फौज केंद्राच्या हातात राहिली. पुढे औरंगजेब दख्खनेत उतरला, राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना रिकामा. तेव्हा सरदारांना सांगावं लागलं की मुलूख जिंका, तो तुम्हाला. फौजा उभ्या राहिल्या, संताजी-धनाजींसारख्यांनी मोगलांना जेरीस आणलं. स्वराज्य वाचलं. पण सरंजाम एकदा दिला की परत घेणं जड जातं. पुढे शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले आपापल्या जागी बलवान झाले आणि केंद्राकडे येणारा पैसा आणि हुकूम दोन्ही पातळ होत गेले.

हे नियमांत बसवायचं तर: प्रत्येक शहराला भरपूर फुकट युनिट. राजधानीपासून लांब जाल तसा ट्रेडमधला भ्रष्टाचार मोनार्कीपेक्षा खूप वेगाने वाढणारा. आणि यातून बाहेर पडताना अनार्की जास्त टर्न. बुडत्याला तारणारी, पण पुढे जड जाणारी राजवट. सिव्ह ३च्या काँक्वेस्ट्स विस्तारात फ्यूडलिझम होता, त्यात लहान गावांना मोठ्या शहरांपेक्षा जास्त फुकट युनिट मिळत. तोही धागा घेता येईल.

खारेगाव

काका, हे जबरदस्त आहे. +१.

एक अवांतर: पहिल्या सिव्हमध्ये डेमोक्रसी घेतली की गांधींच्या आक्रमकतेचा आकडा उलटा फिरून ते अणुबॉम्ब टाकायला लागायचे ना? तसा काही घोळ या फाइल बदलताना आपल्याकडे होणार नाही ना?

तलावपाळी

ती दंतकथा आहे. असा घोळ मूळ खेळात नव्हताच, असं सिड मायर यांनी २०२० साली स्वतः स्पष्ट केलंय. त्या खेळात सगळेच नेते शेवटी अणुबॉम्ब वापरत; गांधींनी वापरला की डोळ्यांत भरायचं, इतकंच.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

काका, सरंजाम मी पुढच्या डावात घेणारच. फाइलमध्ये तो कसा उतरेल हे काल बसून बघितलं. गव्हर्नमेंट्सच्या फाइलमध्ये नवी राजवट लिहायची, तिला कोणती टेक लागते ते द्यायचं. तिचे गुण मात्र इफेक्ट्सच्या फाइलमध्ये असतात. तिथे प्रत्येक परिणामाची एक नोंद असते: परिणामाचं नाव, किंमत, आणि अट. उदाहरणार्थ रिपब्लिकची युद्धनाराजी म्हणजे नाव ‘अनहॅपी फॅक्टर’, किंमत १, अट ‘सरकार रिपब्लिक’. डेमोक्रसीच्या नोंदीत किंमत २. म्हणजे सरंजामसाठी तीन-चार नोंदी वाढवायच्या: फुकट युनिट, अंतरावरून वाढणारा भ्रष्टाचार, कराची कमाल मर्यादा ६० टक्के, मार्शल लॉ (शहरातल्या फौजेने नाराजांना गप्प ठेवणं) मोनार्कीइतकाच.

बाहेर पडताना जास्त अनार्की, हे मात्र अडतंय. अनार्कीची लांबी सर्व्हरच्या एका सेटिंगने ठरते आणि ती सगळ्या राजवटींना सारखी लागते. एकट्या सरंजामला वेगळी लांबी देण्याचा सरळ मार्ग मला दिसलेला नाही.

पामबीच

मग ते सोडा. लांबच्या शहरांतला भ्रष्टाचार पुरेसा चढा ठेवला की बाहेर पडणं तसंही महाग होईल, कारण लांबची शहरं कोर्टहाउसशिवाय (भ्रष्टाचार कमी करणाऱ्या इमारतीशिवाय) काही देणारच नाहीत आणि पुढच्या टेकला उशीर होईल.

अनार्कीच्या सेटिंगवरून आठवलं. लांबी ठरवण्याचे तिथे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यातला एक, क्विकनिंग, प्रत्येक पुढच्या क्रांतीची अनार्की आधीपेक्षा लहान करतो. तो कृपा करून लावू नका. सारख्या राजवटी बदलणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि राजवट म्हणजे कपडे बदलल्यासारखं होतं. लांबी कायम ठेवा, पण पाच टर्नऐवजी तीन.

सीवूड्स

तीन का? बदलणं स्वस्त झालं तर तुम्ही वर म्हणता त्याच्या उलट नाही का होणार?

पामबीच

चांगला प्रश्न. आपल्या डावात पाच टर्नची अनार्की म्हणजे विज्ञान बंद आणि शेजारी सीमेवर. म्हणूनच एकदा डेमोक्रसीत गेलेलं कोणी परत फिरत नाही. किंमत इतकी मोठी असेल की ती कोणी कधी देणारच नाही, तर ती निवड राहत नाही. तीन टर्न दुखतात, पण लढाई अंगावर आली तर माणूस विचार करतो. दरवेळी तीनच लागणार असल्याने उगाच इकडून तिकडे कोणी उड्या मारणार नाही.

खरं संकट स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. ज्याच्याकडे ते वंडर आहे तो अनार्कीशिवाय हवी ती राजवट घेतो. लढाई आली की कम्युनिझम, संपली की डेमोक्रसी. एकाच माणसासाठी राजवटीचे सगळे नियम रद्द. ते बदलायला हवं.

येऊर

पण तेही एकालाच मिळतं, आणि शहर पाडून हिसकावता येतं. तुमच्याच कसोटीत बसतं.

पामबीच

बसतं. पण शेक्सपिअरचं शहर पाडलं की मालकाची फौज जाते. स्टॅच्यूचं शहर पाडलं तर मालकाचं काय जातं? तो त्या क्षणी ज्या राजवटीत आहे तिथेच राहतो. घाव बसतो, पण वर्मी बसत नाही. मधला मार्ग सुचवते: स्टॅच्यूमुळे अनार्की पूर्ण जाण्याऐवजी एक टर्न राहावी. तेवढं जमतंय का, ऐरोलीकरांनी फाइलमध्ये बघावं. नाही जमलं तर या डावापुरतं ते वंडर काढून ठेवू.

येऊर

हे मान्य.

घोडबंदर

उशिरा आलो, पण सगळं वाचलं. मी गटात कायम मोनार्कीवाला, त्यामुळे माझ्या बाजूने दोन शब्द. मोनार्कीचा कर ७० वरून ८० करू नका. मोनार्कीत मजा आहे ती मार्शल लॉची: शहरात तीन युनिट ठेवली की तीन माणसं गप्प. करमर्यादा कमी असल्यामुळे मला फौज आणि लोक यांत सतत हिशेब घालावा लागतो, आणि तो हिशेब हीच मोनार्की. ८० टक्के केलेत तर ती रिपब्लिकची पडछाया होईल. त्यापेक्षा सेलिब्रेशनकडे बघा. मोनार्कीत शहर आनंदोत्सव करत असेल तर ट्रेडच्या टाइलवर एक जादा मिळतो, हे निम्म्या गटाला माहीतच नाही. लक्झरी (ट्रेडमधला लोकांच्या खुशीवर जाणारा वाटा) वाढवून काही टर्न उत्सव करायचा, खजिना भरून घ्यायचा, परत युद्धाला. माझे बरेच डाव असे चाललेत.

तलावपाळी

घोडबंदर, सेलिब्रेशनची आठवण बरी दिलीत. त्यातलंच एक बघायला हवं. क्लासिकमध्ये रिपब्लिक आणि डेमोक्रसीत उत्सव करणारं शहर धान्याच्या कोठाराकडे न बघता दर टर्नला वाढू शकतं. करासारखीच लक्झरीची मर्यादाही ९० टक्के असल्याने डेमोक्रसीवाला लक्झरी हवी तेवढी वर नेतो आणि आठ वस्तीचं शहर बघता बघता सोळावर पोचतं. युद्धाची किंमत वसूल केली तरी ही वाढ तशीच राहते. पामबीच, रेल्वेसोबत याचाही विचार करा.

पामबीच

काका, हे माझ्याकडून राहिलं होतं आणि ते रेल्वेइतकंच मोठं आहे. माझं मत, उत्सवातली ही वाढ या डावात बंदच करावी. ट्रेडचा जादा राहू दे. लोकवस्ती शेतातून आणि हार्बरमधूनच वाढू दे. मग कम्युनिझमवाला आणि डेमोक्रसीवाला निदान माणसांच्या संख्येत बरोबरीने चालतील.

सीवूड्स

याने रिपब्लिक फार लंगडी होणार नाही ना? मध्ययुगात रिपब्लिकवाल्याला वाढायचा तोच तर मार्ग आहे.

घोडबंदर

नाही होणार. रिपब्लिकचा ट्रेड मोनार्कीपेक्षा कायम पुढे असतो. त्यातून आधी टेक मिळतात, आणि आधी टेक म्हणजे आधी अ‍ॅक्विडक्ट, आधी सिव्हर (शहर मोठं होऊ देणाऱ्या इमारती). थोडी हळू वाढेल, एवढंच.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

मंडळी, पुरेसं मिळालं. गणपतीनंतरच्या डावासाठी मी हे बदल करतोय. टेरेनच्या फाइलमध्ये रेल्वेला आता चाल लागेल, रस्त्यापेक्षा कमी पण शून्य नाही. म्हणजे सीमेवर हल्ला करून त्याच टर्नला लांबच्या शहरात परतता येणार नाही. उत्सवातली वाढ बंद. अनार्की कायम तीन टर्न. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं एका टर्नवर आणता येतंय का ते बघतो, नाहीतर ते वंडर या डावात नसेल. शेक्सपिअर आणि फोर्ट्रेस जसेच्या तसे. मोनार्की, कम्युनिझम, फंडामेंटलिझम यांना हात लावत नाही. माझे वरचे तिन्ही आकडे रद्द. काकांचा सरंजाम आत, फ्यूडलिझमच्या टेकवर मिळेल.

नुसत्या एआयचे डाव लावून भ्रष्टाचाराचा आकडा आधी तपासेन. माणसं ज्या पळवाटा शोधतात त्या तिथे दिसणार नाहीत, पण सरंजामची शहरं उपाशी मरतात का एवढं तरी कळेल.

येऊर

रेल्वे बदलल्यावर सीमेजवळच्या शहरातून हल्ला करून तिथेच परतणं चालेल ना?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

चालेल. पण मग ते शहर सीमेवर उघडं असणार, आणि पामबीच तिकडूनच येणार.

खारेगाव

आम्हा ठाणेकरांना लॅपटॉपवर नवीन फाइल टाकाव्या लागतील का? मागच्या वेळी दोघांचं व्हर्जन वेगळं निघालं आणि पहिला तास त्यातच गेला.

ऐरोलीकर (धागाकर्ता)

रूलसेट सर्व्हरवर असतो, क्लायंट जोडला की नियम तिकडूनच येतात. तुम्ही काही टाकायचं नाही. फक्त क्लायंटचं व्हर्जन सर्व्हरशी जुळलं पाहिजे. मी कोणतं वापरतोय ते शुक्रवारी ग्रुपवर टाकतो. ठाण्याहून निघायच्या आधी घरच्या वायफायवर उतरवून घ्या.